माझा समोरचा अर्धा दात

शाळेतल्या खो-खोच्या खांबावर आपटून माझा समोरचा दात तुटला तेव्हा मी बारा वर्षांची होते. पुढची बारा वर्षं त्या दातानं मला जेवढं छळलं, तेवढं आमच्या घरातल्या कुठल्या माणसानं छळलं नाही. माणसावर निदान ओरडता तरी येतं.

बंगळुरात, मल्लेश्वरममधल्या आमच्या मुलींच्या शाळेत शेवटचा तास खेळाचा असायचा. माझ्यामागे लागलेली मुलगी माझ्याहून हातभर उंच होती. खांबाला हात टाकून वळायचं म्हणून मी झेपावले, घामानं हात सटकला आणि तोंड खांबावर आपटलं. रक्त फार आलं नाही. जीभ फिरवून पाहिली तर डावीकडच्या पुढच्या दाताचा खालचा कोपराच जागेवर नव्हता. खेळाच्या बाईंनी तांबड्या मातीत गुडघे टेकून तुकडा शोधला, नळाखाली धुतला, वहीच्या कागदात गुंडाळला आणि म्हणाल्या, "घरी नीट दे. हरवू नकोस."

मी नीट दिला. आईनं कागद उघडला, डोळ्यांना पदर लावला आणि दुधाचा दात पडला की करतात तसं, निव्वळ सवयीनं, मागच्या अंगणात जाऊन तो तुकडा कौलांवर भिरकावून दिला.

संध्याकाळी अप्पा, म्हणजे आमचे वडील, कचेरीतून आले. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुकडा कुठाय?"

"कौलांवर," आई म्हणाली.

"कौलांवर कशाला?"

"दात कौलांवरच टाकतात."

"अगं, तो पडलेला दात! हा मोडलेला. चिकटवून मिळाला असता कदाचित!"

आई आणि अप्पा त्यावरून जेवण होईपर्यंत भांडले. माझं तोंड दुखतंय का, हे मात्र फक्त अक्कानं विचारलं. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी.

दुसऱ्या दिवशी अप्पा मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आमच्या घरापासून चार क्रॉस, म्हणजे चार आडव्या गल्ल्या पलीकडे, एका कापडाच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. डॉक्टर तेव्हा चाळिशीचे असतील. बारीक, नीटनेटके, आणि बोलायला अतिशय गोड. ते कानडीत बोलायचे, आम्हीही कानडीतच उत्तरं द्यायचो. घराबाहेर पडलं की आमची भाषा आपोआप बदलायची. त्यांनी छोटा आरसा तोंडात घालून पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता काही करायचं नाही. मूळ अजून कोवळं आहे. सोळा-सतराची झाली की आणा."

"तुकडा असता तर?" अप्पांनी विचारलं.

"तरी काही उपयोग नव्हता. चिकटवणार कशानं?"

घरी येऊन अप्पांनी हे आईला सांगितलं नाही. मी सांगितलं.

पाच वर्षं मी तशीच राहिले. आईचं एकच पालुपद, "तोंड मिटून हस." तोंड मिटून हसणं म्हणजे नाकानं हसणं, ते मला कधी जमलं नाही. अक्काच्या लग्नात फोटोग्राफर कापडाखालून डोकं काढून म्हणाला, "सगळ्यांनी स्वल्प हसा." आई मागून हळूच म्हणाली, "तू नको." त्या फोटोत मी एकटी रागावलेली दिसते. सासरच्या मंडळींनी पुढे अक्काला विचारलं की धाकटीला हे लग्न पसंत नव्हतं का.

सतरावं लागलं आणि मी कुणाची वाट न बघता स्वतःच दवाखान्याचा जिना चढले. डॉक्टरांना फार आनंद झाला. एका पट्टीवर लावलेले नमुन्याचे दात माझ्या दाताशेजारी धरून, मला खिडकीकडे तोंड करायला लावून, त्यांनी रंग जुळवला. "हा थोडा पिवळा. हा निळसर. हा... सरी, हाच." सरी म्हणजे ठीक. मग पायानं चालवायचं कोरणीयंत्र सुरू झालं. पाय खाली-वर, वर दोऱ्या फिरतायत, आणि माझ्या कवटीत कुणी पाटा टाकवून घेतोय असा आवाज. दातात भरायचं सिमेंट दाताला आपणहून धरत नाही, म्हणून त्याला अडकायला दातातच खोबण पाडावी लागते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. माझं तोंड उघडं असल्यामुळे मला काही विचारता आलं नाही. मग काचेच्या तुकड्यावर पांढरी पूड आणि दोन थेंब औषध घोटून त्यांनी माझा कोपरा घडवला. आरशात पाहिलं आणि मला रडूच आलं. दात पूर्ण होता.

तेवीस दिवस टिकला.

"कोडबळं खाल्लंत ना?" त्यांनी विचारलं. कोडबळं म्हणजे आमच्याकडचं तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडक कडं.

"नाही."

"मग ऊस?"

"नाही. इडली."

"इडलीनं पडत नाही."

"माझा पडला."

त्यांनी पुन्हा खोबण कोरली, या वेळी थोडी मोठी. दुसरा कोपरा सात महिने राहिला, पण चौथ्या महिन्यापासून त्याचा रंग धुरकट व्हायला लागला. लांबून तुटलाय असंच वाटायचं, जवळून किडलाय असं वाटायचं. मी तक्रार केली तर म्हणाले, "कॉफी किती पिता?"

"सगळं मल्लेश्वरम पितं तेवढी."

"कमी करा."

आमच्या घरात पाण्याआधी कॉफी मिळायची. मी कमी केली. कोपरा तरी पडलाच, या वेळी मावशीला पत्र वाचून दाखवताना. खात नव्हते, पीत नव्हते, नुसती वाचत होते!

असं तीन वर्षांत पाच वेळा झालं. पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं की दर खेपेला ते थोडा खोटा दात बसवण्यासाठी थोडा खरा दात कोरून काढतायत. बारा वर्षांची असताना खांबानं कोपरा नेला होता. उरलेला दात डॉक्टर नेत होते. मी तसं म्हणाले. ते खजील झाले. त्यांचं हे मला सगळ्यात असह्य व्हायचं, की माणूस इतका सज्जन होता की धड भांडताही यायचं नाही.

विसाव्या वर्षी मला नोकरी लागली. के. आर. पुरमच्या बाजूला एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायचं. सकाळी कारखान्याची बस यायची. कानावर पट्टा, तोंडासमोर भोंगा, पुढ्यात शेकडो भोकं आणि त्यांत खुपसायच्या दोऱ्या. आई खूश झाली. "बरं झालं. तिथं तोंड कुणाला दिसत नाही."

दिसत नव्हतं, पण ऐकू यायचं. सहावा कोपरा पडला तो नोकरीला लागून वर्ष झाल्यावर, बसमध्ये, शेंगदाणा खाताना. ड्यूटीवर बसले आणि पहिल्याच फोनला म्हणाले, "येस, सर." त्या फटीतून अशी शीळ वाजली की मी स्वतःच दचकले. आमच्या कामात तर सगळे शब्द 'स'चेच. 'येस सर', 'सॉरी सर', आणि कानडी माणूस असला तर 'स्वल्प इरी', म्हणजे थोडं थांबा. दिवसाला शेकडो वेळा.

दुपारी एका साहेबांनी तक्रार केली की लाइनीवर शिट्टी वाजते. दुरुस्तीवाला आला, माझा पट्टा बदलून गेला. शिट्टी चालूच. दुसऱ्या दिवशी त्यानं भोंगा बदलला. तिसऱ्या दिवशी बोर्डाची मागची फळी उघडून दोघंजण आत वाकले. त्यातला एक म्हणाला, "ताई, बोला जरा, ऐकतो."

"काय बोलू?"

"काहीही. स्वल्प इरी म्हणा."

मी म्हणाले. तो म्हणाला, "हां, ही बघ, आलीच! ओल लागलीय कुठंतरी."

तीन दिवस मी गप्प बसले याची मला अजून लाज वाटते. पण काय सांगणार होते? शेवटी आमच्या मुख्य बाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्या फ्रॉक घालायच्या, इंग्रजी बोलायच्या आणि सगळ्या मुली त्यांना टरकून असायच्या. मी तोंड उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, मग बोर्डामागे वाकलेल्या त्या दोघांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट दाबून धरले. हसू आवरत होत्या. "बंद करा ते," त्या त्यांना म्हणाल्या. "दोष सापडला." मला म्हणाल्या, "दाताला सोन्याची टोपी घाल. किंवा काढून टाक. पण सोमवारी मला शिट्टी नको."

सोन्याच्या टोपीवर घरी पुन्हा बैठक झाली. माहेरपणाला आलेली अक्का म्हणाली, सोनं चांगलं दिसतं, तिच्या सासूबाईंना आहे. अप्पा म्हणाले, सोनं टिकतं. आई म्हणाली, तरुण मुलीला सोन्याचा दात म्हणजे सावकारीणच दिसेल. मला कुणी काही विचारलं नाही. मी उठून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, "काढून टाका. मला हा दात नको. मुळासकट काढा आणि खोटा द्या."

डॉक्टरांनी नकार दिला. ते म्हणाले की मूळ धडधाकट आहे, असला दात काढणं पाप. तात्पुरता कोपरा बसवून देतो. त्यांनी सातवा बसवला. मग आठवा. अशी आणखी तीन वर्षं गेली, आणि ती तात्पुरतीच होती.

नंतर एका शनिवारी त्यांनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. टेबलावर एक परदेशी मासिक उघडं होतं, त्यात पेन्सिलीच्या खुणा. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की मला आधीच राग आला.

"कोरायचं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दाताला आधी सौम्य आम्ल लावायचं. अर्धा-एक मिनिट. म्हणजे वरचा गुळगुळीतपणा जातो, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. त्यांत प्लास्टिक शिरतं आणि घट्ट बसतं. खोबण लागत नाही. अमेरिकेत एकानं करून पाहिलंय."

"माझ्या दाताला आम्ल लावणार?"

"सिमेंटच्या पातळ औषधात असतं तेच. पाणी घालून."

"आणि तुम्ही हे किती जणांना केलंय?"

खणातून त्यांनी एक काचेची बाटली काढली. आत काढलेले पाच-सहा दात, प्रत्येकाला प्लास्टिकची गाठ चिकटवलेली. "हे पाण्यात दोन महिने आहेत. एकही सुटली नाही. ओढून बघा."

मी बाटलीला हात लावला नाही. "हे मेलेले दात आहेत. जिवंत कुणाचा?"

तेव्हा त्यांनी स्वतःचा ओठ वर केला. बाजूच्या सुळ्यावर तांदळाच्या कणीएवढा ठिपका होता. "सहा आठवडे," ते म्हणाले. "मी मुद्दाम सगळं खातो."

दुसऱ्याचा दात कोरणारे पुष्कळ असतील. स्वतःच्या चांगल्या दाताला आम्ल लावून बघणारा मी तेवढा एकच पाहिला. मी खुर्चीत बसले. बसताना म्हणाले, "हा पडला तर मी पुन्हा येणार नाही."

"सरी," ते म्हणाले.

कापसाचे बोळे ओठाखाली कोंबले. जरा तरी ओल लागली तर सगळं फुकट, म्हणून ते रबरी फुग्यानं सारखी हवा मारत होते, आणि मला गिळायची बंदी. आम्ल लावून, धुऊन, वाळवून झाल्यावर त्यांनी मला आरसा दाखवला. तुटलेल्या कडेचा भाग खडूसारखा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, संपलं, जाळला दात. तोंडात कापूस, ओरडताही येईना. ते मात्र आनंदानं म्हणाले, "असंच दिसायला हवं! लेखात असंच लिहिलंय." मग ब्रशानं थेंब थेंब प्लास्टिक लावत गेले. वास उग्र, डोळ्यांत पाणी. एकदा त्यांना रंग पसंत पडला नाही म्हणून सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. शिवाय तासभर ते एकटेच बोलत होते. मासिकातला तो लेख मला सगळा तोंडपाठ झाला.

कोपरा बसला. महिना गेला, दुसरा गेला. मी कोडबळं सोडून सगळं खायला लागले. पाचव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, त्यांचे काही व्यवसायबंधू एका रविवारी सकाळी जमणार आहेत, दहा मिनिटं याल का?

एवढ्या पुरुषांत एकटी कशी जाशील, म्हणून आई बरोबर आली. खोलीत पंधरा-वीस डॉक्टर होते. मला उजेडात बसवलं आणि एकेकानं आपला आरसा काढून माझ्या तोंडात पाहिलं. कुणी नखानं टोकरलं. कुणी सुईनं. माझ्याशी कुणी बोललं नाही. दाताशीच ओळख करून घेतली सगळ्यांनी. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. शेवटी एक वयस्कर डॉक्टर, कोटात, हात पुसत म्हणाले, "दिसायला ठीक आहे. पण हे चिकटवाचिकटवीचं काम. फार तर वर्ष. चावून दाखवू दे बरं हिला."

"ती जपून खाते," आमचे डॉक्टर घाईनं म्हणाले.

मला इतका संताप आला. त्या म्हाताऱ्याचा आला, आमच्या डॉक्टरांचा आला, बारा वर्षं जपून खाण्याचा आला. चहाबरोबर बशीत चकल्या होत्या, आमच्या बंगळुरातल्या कडक चक्कुल्या. मी एक उचलली.

"बेड! बेडम्मा!" डॉक्टर कानडीत ओरडले. नको, नको बाई.

मी मुद्दाम पुढच्या दातांनी चावले. कडाड्दिशी आवाज झाला. आमच्या डॉक्टरांचा चेहरा पिठासारखा पांढरा. मी जीभ फिरवली. मोडली होती ती चकली. मी ती सगळी खाल्ली, दुसरी घेतली, आणि ती खाऊन झाल्यावर तोंड उघडून त्या वयस्कर डॉक्टरांसमोर धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग आमच्या डॉक्टरांना म्हणाले, "आम्ल किती पाण्यात घालता?"

घरी येताना आई बसमध्ये म्हणाली, "चारचौघांत असं खातात का?" तेवढंच.

इथं माझा त्रास संपायला हवा होता. पण आता डॉक्टरांकडे दात तुटलेला कुणीही आला की ते त्याला सांगायचे, "आधी जाऊन बघून या," आणि आमचा पत्ता द्यायचे. मला न विचारता! पहिल्या रविवारी एक कॉलेजातल्या बाई आल्या. मी दाखवला. दुसऱ्या रविवारी इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ दारात उभे राहून अप्पांना म्हणाले, "बघायला आलोय."

माझं वय चोविशी ओलांडलेलं. अप्पांनी त्यांना मानानं आत बसवलं. आई आतून धावत माझ्याकडे आली, "साडी बदल!" उप्पिट्टू झालं, कॉफी झाली. अप्पांनी गाव, नोकरी, घरात कोण कोण, सगळं विचारून घेतलं. मी साडी बदलून, बशी घेऊन, मान खाली घालून बाहेर आले. ते गृहस्थ उठून उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "जरा तोंड उघडता का?"

अप्पा ताडकन उठले. "काय म्हणालात?"

मग त्यांनी स्वतःचा तुटलेला दात दाखवला, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांना बायको होती, दोन मुलं होती. दाताची पाहणी करून, उप्पिट्टू दोनदा घेऊन ते गेले. आई माजघरात जाऊन बसली ती संध्याकाळीच बाहेर आली.

सोमवारी मी कारखान्यातून परस्पर दवाखान्यात गेले. "डॉक्टर, माझ्या घरी माणसं पाठवायची नाहीत."

त्यांना खरंच वाईट वाटलं. "पण अम्मा, बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास कसा बसणार? दाखवायला माझ्याकडे दुसरा दात कुठाय?"

कोरणीयंत्राच्या त्या खुर्चीत मी सात वर्षांत कितीदा बसले होते, ते मला आठवलं. मी म्हणाले, "रविवारी नऊ ते दहा. आणि आधी सांगायचं, दात बघायला आलोय म्हणून."

त्यांनी ते चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहायला सुरुवात केली. माणसं येत राहिली. आई दार उघडून त्यांना ओट्यावरच उभं करायची आणि आत हाक मारायची, "अगं ये, दात आलाय बघ!" तो कोपरा चार वर्षं टिकला. मग पिवळा पडला म्हणून डॉक्टरांनी वरचा थर काढून नवा चढवला, काही न कोरता, आणि तोवर दाखवण्यासारखे दात त्यांच्याकडे पुष्कळ झाले होते.